लवकर निघणारे हात

व्हर्ना नोवाकनं तळलेल्या माशाची ताटली पुढे केली, हॉलिसनं हात पुढे केला, आणि ताटली दोघांच्या मधून थेट खाली गेली. एवढंच झालं. पर्चचे चार तुकडे, बटाट्याची दोन धिरडी आणि कोबीची कोशिंबीर लाकडी जमिनीवर पसरली. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या त्या बारमध्ये शंभरेक माणसं असतील, आणि त्यातल्या एकानंही वळून पाहिलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांनी पाहिलं. "रविवारच्या सामन्यात असं करू नकोस म्हणजे झालं, बाबा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. तसे चांगल्या मनानंच हसले. सत्तरीची व्हर्ना काउंटरच्या मागून फडकं घेऊन आली आणि म्हणाली, "राहू दे रे बाळा. माझीच चूक, मी नीट धरली नव्हती." हॉलिस खाली वाकून धिरडं उचलत होता, तो तसाच थांबला. व्हर्नानं ताटली अगदी नीट धरली होती. तिचा अंगठा काठावर पक्का होता, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. ताटलीचा गरम काठ त्याच्या बोटांना लागलाही होता. पण वजन हातात यायच्या आधीच त्याचा हात तिथून निघाला होता. कुठे निघाला होता, कशासाठी, कोण जाणे. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं हाताला सांगितलं नव्हतं.

दुसरी ताटली त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरून नेली, एखाद्यानं तान्हं मूल न्यावं तशी. मिलवॉकीच्या अमेरिकन फुटबॉल संघातले, पुढच्या फळीचे पाचही दांडगे गडी भिंतीकडच्या लांब टेबलावर बसले होते. दर शुक्रवारी मासे खायला यायचं, आणि त्यांची ताटं क्वार्टरबॅकनं, म्हणजे त्यांच्या आडोशानं चेंडू फेकणाऱ्या गड्यानं, स्वतः आणून वाढायची, अशी त्यांची जुनी रीत. आठवडाभर ते त्याच्यासाठी मार खातात, एक संध्याकाळ त्यानं त्यांची चाकरी करायची. नव्या माणसाला हा मान सहसा महिनाभर मिळत नाही. हॉलिसला दहाव्याच दिवशी मिळाला, कारण संघाचा पहिला क्वार्टरबॅक गुडघा धरून दवाखान्यात पडला होता आणि रविवारी हॉलिसलाच उतरायचं होतं. चौघं जण ताटलीवरून त्याची थट्टा करत होते. पाचवा, मधला गडी म्हणजे सेंटर असलेला बाप्टिस्ट, पाव मोडत होता. लुइझियानाकडचा, छत्तीस वर्षांचा, दाढीत पांढरं शिरलेलं. तो हसला नाही. पावाला लोणी लावता लावता एवढंच म्हणाला, "लवकर निघालास." बुधवारी दोघांच्या पहिल्या सरावातही, वाकलेल्या अवस्थेत, मागे न बघता तो हेच बोलला होता. तेव्हा हॉलिसनं ऐकलं नाही असं दाखवलं होतं. आता तसं दाखवता येईना. मासा छान होता म्हणतात. त्याला चवच लागली नाही.

बाप्टिस्टला कळणारच होतं. सगळ्या जगापासून लपवता येतं, सेंटरपासून नाही. सेंटर वाकतो, चेंडू जमिनीवर धरतो, आणि क्वार्टरबॅक त्याच्या मागे चिकटून उभा राहून दोन्ही मनगटं जोडून तळवे त्याच्या बुडाखाली धरतो. इशारा झाला की सेंटर चेंडू पायांमधून वर हाणतो आणि तो उजव्या तळव्यावर फाडकन येऊन बसतो. शाळेतली पोरं पहिल्या दिवशी या प्रकाराला लाजतात, खिदळतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. हॉलिसनं वयाच्या बाराव्या वर्षापासून हे हजारो वेळा केलं होतं. यात शिकण्यासारखं काही असतं हेच तो विसरून गेला होता. आणि मग दोन वर्षांपूर्वी, एका परगावच्या सामन्यात, समोरचा तीनशे पौंडांचा गडी सेंटरच्या डोक्यावरून थेट आत आला आणि हॉलिसचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला नव्हता, आला असता तर कदाचित बरं झालं असतं. त्याला ऐकू आला होता तो त्या गड्याचा श्वास, कानाच्या अगदी जवळ, दमलेला, थोडासा कफ असलेला. हाड सहा आठवड्यांत जुळलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला, पहिल्यापेक्षा मजबूत म्हणाले. तो परत खेळायला लागला. लांब फेकायला खांदा कधी कुरकुरला नाही. फक्त हात, सेंटरच्या खाली जोडलेले ते दोन हात, चेंडू यायच्या किंचित आधी बाहेर पडायला लागले. डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्याही निम्मा. त्यांना त्या श्वासापासून लांब जायचं होतं.

सॅन अँटोनियोत गेल्या मोसमात चार सामन्यांत तीन वेळा चेंडू पडला. तिथला सेंटर होता एमेट सॉलबर्ग, नॉर्थ डकोटाचा, तिशीचा, अबोल, सामन्याच्या आधी बायकोला फोन करून पोरींच्या गृहपाठाची चौकशी करणारा. तिसऱ्यांदा चेंडू पडला आणि सामना गेला, त्या दिवशी पत्रकारांसमोर हॉलिस म्हणाला, "चूक माझी होती." आणि हे खरं होतं. किती खरं होतं ते बोलताना त्याचं त्यालाच नीट कळलं नव्हतं, पण पोटात कुठेतरी माहीत होतं. आता गंमत अशी, की या धंद्यात हे वाक्य प्रत्येक क्वार्टरबॅक म्हणतो. दुसऱ्यानं चेंडू सोडला तरी म्हणतो, पाऊस पडला तरी म्हणतो. लग्नात यजमानानं 'काही कमी पडलं असेल तर क्षमा असावी' म्हणावं, तसं ते म्हणायचं असतं, आणि ते ऐकून कुणी जेवणात काय कमी होतं याची यादी काढत बसत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की हॉलिस क्रेननं मोठ्या मनानं दोष स्वतःवर घेतला. टीव्हीवर दोन माजी खेळाडू चित्रफीत मागेपुढे करून सांगत होते की चेंडू किंचित खाली येतोय, बघा. कुणालाही दिसत नव्हतं, पण सगळे मान हलवत होते. मंगळवारी एमेटला काढून टाकलं. हॉलिस प्रशिक्षकाकडे गेला होता, नाही असं नाही. दारात उभा राहून म्हणाला, "खरंच माझी चूक होती." प्रशिक्षकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माहितीये तू कसा माणूस आहेस ते. जा आता, आराम कर." आणि तो गेला. आत जाऊन, दार लावून, खुर्चीत बसून, 'अहो, माझे हात लवकर निघतात, मला भीती वाटते' असं सांगता आलं असतं. भीती वाटते हे या खोल्यांमध्ये कुणी म्हणत नाही. म्हटलं की दुसऱ्या दिवशी कपाटावरची आपली पाटी निघते. त्याला मोकळं वाटलं होतं, हे सगळ्यात वाईट. आपण खरं सांगितलं, लोकांनी मानलं नाही, आता आपण काय करणार, असं म्हणून तो त्या रात्री गाढ झोपला होता.

आठवड्यानं एमेटचा निरोप आला. 'माझ्यासाठी बोललास. विसरणार नाही.' हॉलिस स्वयंपाकघरात उभा होता, हातात लेकीचा, ज्यूनचा, दुधाचा पेला होता. बायकोनं, मार्नीनं, विचारलं, कुणाचा रे, तर तो म्हणाला, कुणाचा नाही. एमेटलासुद्धा पटलं होतं. वीस वर्षं जो चेंडू एकाच जागी येत होता तो आपल्याच हातून खाली जायला लागला, असं त्या भल्या माणसानं स्वतःशी मान्य केलं होतं. नंतर त्याला कुणी घेतलं नाही. आता तो फार्गोला सासऱ्याच्या दुकानात टायर बदलतो. आणि हॉलिसचं काय झालं, तर नव्या सेंटरच्या हातचाही चेंडू पडला, त्याच्यानंतर आलेल्याचाही पडला, मग मात्र लोक गप्प बसले आणि सॅन अँटोनियोनं त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं. बदल्यात काय घेतलं, तर पुढच्या वर्षी कॉलेजातून येणाऱ्या पोरांपैकी सहाव्या फेरीतली एक निवड. म्हणजे असा एक मुलगा, जो कोण आहे हे अजून कुणालाच माहीत नाही. एकतीस वर्षांचा हॉलिस क्रेन द्यायचा आणि त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह घ्यायचं, आणि सॅन अँटोनियोचे लोक म्हणाले, सौदा चांगला झाला. मार्नी फोनवर म्हणाली होती, "ज्यूनची शाळा संपली की आम्ही येऊ." आणि मग, "तोवर तिथेच असशील ना?" तिनं ते साधेपणानं विचारलं होतं. टोमणा नव्हता. म्हणूनच ते अजून कानात होतं.

जेवण झाल्यावर बाप्टिस्ट त्याच्याबरोबर गाडीपर्यंत आला. अजून उजेड होता. तळ्यावरून वारा येत होता, त्याला ओल्या लोखंडाचा वास होता. "नऊ क्वार्टरबॅकांचे हात माझ्या खाली येऊन गेले," बाप्टिस्ट म्हणाला. "कुणाची बायको सोडून गेली, कुणी रात्री प्यायलाय, मला हातांवरून कळतं. तुझे हात चांगले आहेत. पण ते घाबरलेत."

"कोचला सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू? माझं काय जातंय." तो गाडीला टेकला, गाडी एका बाजूला झुकली. "नाही, जातंय. रविवारी चेंडू पडला की लोक म्हणतील, म्हातारा झाला बाप्टिस्ट, गुडघे गेले. तू पत्रकारांना सांगशील, चूक माझी. ते तुझी पाठ थोपटतील. आणि मंगळवारी मी घरी." हॉलिसनं गाडीची किल्ली काढली आणि परत खिशात ठेवली. "सॉलबर्गबरोबर मी एक मोसम काढलाय," बाप्टिस्ट पुढे म्हणाला. "डोळे बांधून दिला तरी चेंडू एकाच जागी यायचा त्याचा. तेव्हा ते खाली येत होतं वगैरे मला सांगू नकोस."

"मी तसं कधी म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस. बरोबर आहे. तेवढंच तर केलंस लेका, म्हटलं नाहीस." राग नव्हता त्याच्या बोलण्यात. हवापाण्याबद्दल बोलावं तसा तो बोलत होता, आणि हॉलिसला वाटलं, यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. त्याला लाज वाटत होती. इतके महिने तिला तो थकवा म्हणत होता, बदललेलं हवामान म्हणत होता, दैव म्हणत होता. ती साधी लाज होती. "उद्या सकाळी आठ वाजता, तळ्याकाठी, जिथे होड्या उतरवतात तिथे," बाप्टिस्ट म्हणाला. "आणि कॉफी आण. मोठी."

शनिवारी सकाळी त्या मोकळ्या आवारात दोन मोठी माणसं त्या अवस्थेत उभी होती, आणि कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईनं रस्ता बदलला. बाप्टिस्टच्या गुडघ्यांचा कडकड आवाज येत होता. "मी सांगितल्याशिवाय हात काढायचे नाहीत," तो म्हणाला. "चेंडू आला तरी नाहीत, नाही आला तरी नाहीत." आणि मग त्यानं चेंडू दिलाच नाही. हॉलिस इशारा देई, हात बाहेर उडी मारत, चेंडू जमिनीवर तसाच. "परत." पुन्हा तेच. "परत." दहा वेळा, वीस वेळा. मग बाप्टिस्ट वाकल्या वाकल्या आपल्या आईच्या हातच्या रश्शाबद्दल बोलायला लागला. पीठ तुपात किती भाजायचं, तपकिरी झालं तरी थांबायचं नाही, करपायच्या एक क्षण आधी कसं उतरवायचं, शेजारणींना ते का जमत नाही. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. हॉलिसचे हात तिथेच होते आणि काही येत नव्हतं. आणि तेव्हा त्याला तो श्वास ऐकू आला. कफ असलेला, दमलेला. दर वेळी तो ऐकू यायच्या आतच हात पळून जात होते, त्यामुळे दोन वर्षांत तो कधी पुरता ऐकलाच नव्हता. आता ऐकला. तो एका दमलेल्या माणसाचा श्वास होता. धावून आलेल्या, कदाचित सर्दी झालेल्या, कुणाच्या तरी मुलाचा. तो आला आणि संपला. पाठीवर ऊन पडलं होतं. "आणि मग भेंडी घालायची," बाप्टिस्ट म्हणाला आणि त्यानं चेंडू वर हाणला. तळव्याला झणझणून लागलं. ते लागणं हॉलिस विसरून गेला होता. चेंडू मुळात लागतो, हेच. त्यानंतर त्यांनी दीडशे वेळा तेच केलं. सहा वेळा हात निघाले. शेवटच्या साठांत एकदाही नाही. "झालं?" हॉलिसनं विचारलं. "मला काय माहीत," बाप्टिस्ट कंबर धरून म्हणाला, "समोर कुणी नव्हतं."

रविवारी समोर होते. सामन्याबद्दल नंतर लोकांनी पुष्कळ लिहिलं, हॉलिसला मात्र त्यातलं थोडंच आठवत राहिलं. गवताचा ओला वास, बाप्टिस्टच्या पाठीवरून निघणारी वाफ, आणि प्रत्येक वेळी तळव्यावर बसणारा तो फटका. तो पडला, त्याला पाडलं, एकदा तोंडात माती गेली. दोन फेकी चुकल्या, त्या नुसत्या चुकल्या. भीती गेली नव्हती. ती शेजारी उभी होती, पण आता ती त्याच्या हातांची मालकीण नव्हती. शेवटचे चाळीस सेकंद उरले तेव्हा सीमारेषा एका यार्डावर होती आणि मिलवॉकी चार गुणांनी मागे. चेंडू रेषेपलीकडे नेला की सहा गुण. चेंडू घ्यायचा आणि बाप्टिस्टच्या पाठीमागून सरळ घुसायचं, बाकी काही नाही. समोरचा गडी बाप्टिस्टच्या नाकासमोर बसला होता आणि हॉलिसकडे बघत होता. हॉलिसनं हात खाली घातले. इशारा दिला. हात राहिले. चेंडू आला, लागला, बोटं मिटली, आणि मग सगळं जग त्याच्या अंगावर कोसळलं. ढिगाऱ्याखाली काळोखात कुणीतरी त्याच्या कानाजवळ धापा टाकत होतं. तो चेंडू पोटाशी धरून पडून राहिला आणि त्याला जवळजवळ हसू आलं. शिट्टी वाजली तेव्हा चेंडू रेषेच्या पलीकडे होता.

पत्रकारांच्या खोलीत उकडत होतं. केस ओले, मानेवर टॉवेल, पुढ्यात पाण्याची बाटली. बाप्टिस्ट आपल्या पाळीची वाट बघत भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून. प्रश्न गोड होते. एकतिसाव्या वर्षी पुन्हा उभं राहिल्यावर कसं वाटतं? मुलीला काय सांगणार? हॉलिस उत्तरं देत होता आणि आतून त्याला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला बोला. दोन वर्षांनी कुणी त्याच्याकडे कीव न करता बघत होतं. संघाच्या मालकांचा माणूस दारात उभा राहून हसत होता, पाटी आता निघणार नव्हती. मार्नी येईल, ज्यून येईल, ज्यूनला तळं आवडेल. मग दुसऱ्या रांगेतल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एका माणसानं विचारलं, "हॉलिस, सॅन अँटोनियोत चार सामन्यांत तीनदा चेंडू पडला. इथे आख्ख्या सामन्यात एकदाही नाही. सेंटर चांगला मिळाला की काय फरक पडतो, हे आज दिसलं म्हणायचं का?"

खोलीत सगळे लिहायच्या तयारीत होते. प्रश्नात वाईट काही नव्हतं. बाप्टिस्टचं कौतुक व्हावं म्हणूनच त्यानं विचारला होता. आणि हॉलिसला एकदम दिसलं, की आज आपण जे केलं त्याचा अर्थ फार्गोतल्या त्या दुकानात काय होणार आहे. एमेटनं सामना पाहिला असेल. पासष्ट वेळा चेंडू नीट बसताना पाहिला असेल. त्याच्या मनात कुठे एखादी शंका उरली असेल, की कदाचित माझं चुकलं नव्हतं, तर तीही आज संपली असेल. आपण जितके चांगले खेळू तितका तो माणूस दोषी ठरत जाणार.

"नाही," हॉलिस म्हणाला. "ती चूक माझी होती."

पत्रकार हसले. प्रेमानं हसले. चष्मेवाल्यानं मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं, आणि काय लिहिलं ते हॉलिसला न बघता वाचता आलं. मोठं मन. पुढच्या प्रश्नासाठी तीन हात वर झाले. इथे थांबता आलं असतं. त्यानं पुन्हा एकदा खरं सांगितलं होतं आणि लोकांनी पुन्हा एकदा मानलं नव्हतं, आता तो काय करणार.

तो उठला. माइकचा खरखर आवाज झाला. "बाप्टिस्ट, जरा इकडे ये."

"माझे गुडघे बघ," बाप्टिस्ट म्हणाला.

"एकदाच. वाक."

बाप्टिस्टनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "पुढच्या रविवारी जे येणार आहेत तेही हे बघतील, बरं का," तो हळूच म्हणाला. "पहिल्या चेंडूपासून तुझ्या अंगावर येतील."

"माहितीये."

मग बाप्टिस्ट कण्हत पुढे आला, बर्फाच्या पिशव्यांसकट टेबलासमोर वाकला आणि त्यानं पाण्याची बाटली जमिनीवर चेंडूसारखी धरली. हॉलिस त्याच्या मागे उभा राहिला. कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. दारातला मालकांचा माणूस हसायचा थांबला होता. "मला दोन वर्षं भीती वाटत होती," हॉलिस म्हणाला. त्याचा आवाज साधा होता, त्याचं त्यालाच नवल वाटलं. "गळ्याजवळचं हाड मोडल्यापासून. चेंडू यायच्या आधी मी हात काढून घ्यायचो. असा." त्यानं इशारा दिला. बाप्टिस्टनं बाटली वर हाणली. हॉलिसचे हात आधीच बाहेर आले होते, आणि बाटली रिकाम्या हवेत वर जाऊन, वळून, खाली फरशीवर पडली आणि घरंगळत पहिल्या रांगेतल्या बुटांपाशी गेली. कुणी ती उचलली नाही.

"परत दाखवू?"

कॅमेऱ्यांचे लाल दिवे लागलेलेच होते. चष्मेवाल्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वहीतलं आधीचं पान उलटलं.

"एमेट सॉलबर्ग," हॉलिस म्हणाला. "फार्गोला असतो. त्याचा चेंडू प्रत्येक वेळी बरोबर जागी येत होता. माझे हात तिथे नव्हते. आता लिहा."